ड्रायरची मोटर जळाली, हे ठरवलं कुणी?

पावसाळ्यात बडोद्यातल्या मराठी घरांत एक वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की आता त्याची चीड येते: ‘ड्रायर फिरत नाही, मोटर जळाली.’ दांडिया बाजारातल्या जुन्या घरात ते ऐकू येतं, अकोट्याच्या फ्लॅटमध्येही ऐकू येतं. आठ-दहा वर्षांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन असतं. धुण्याचा टब व्यवस्थित चालतो, शेजारचा ड्रायर तेवढा बंद पडलेला असतो. पाठीमागचं झाकण कुणी उघडलेलं नसतं, मीटर लावलेला नसतो, तरी निदान पक्कं झालेलं असतं. मग एकतर नवी मोटर बसते, नाहीतर मशीन भंगारात जातं. याच शहरात सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, कलाभवन सुरू झालं, ते लोकांच्या हाताला यंत्र कळावं म्हणून. तिथे आपण यंत्राकडे न बघताच त्याचा निकाल लावतो.

मोटर जळते, नाही असं नाही. पण फिरणं थांबण्याच्या कारणांमध्ये ती शेवटी तपासायची गोष्ट आहे. पहिला प्रश्न असा: टायमर फिरवून झाकण लावल्यावर आवाज येतो का?

अजिबात आवाज नसेल तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही, असं आधी समजा. झाकणाखालचा स्विच, टायमरचे झिजलेले कॉन्टॅक्ट आणि उंदरांनी कुरतडलेली वायर, हे तीन संशयित. मशीनच्या तळाची जाळी निघाली असेल तर तिसऱ्याकडे आधी बघा.

‘हूं’ असा आवाज येतो, पण टब हलत नाही, अशी तक्रार सर्वांत जास्त असते आणि इथेच बहुतेक मोटरींवर खोटा आळ येतो. हूं करणाऱ्या मोटरच्या निदान मुख्य वाइंडिंगमधून वीज वाहते आहे. तिला सुरुवातीचा धक्का मिळत नाहीये. तो धक्का देतो कपॅसिटर, ज्याला आपले मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. त्याच्या आत प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा थर असतो. फिल्मला कुठे बारीक छेद गेला की तेवढा धातू उडून जातो आणि कपॅसिटर पुढे चालू राहतो, पण दर वेळी त्याची क्षमता थोडी घटते. पाच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काही वर्षांनी तीनवर येतो आणि मोटर उचलत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण धुलाई तर नीट होते, म्हणजे कपॅसिटर चांगला आहे.’ नाही, तसं सिद्ध होत नाही. या मशीनमध्ये दोन स्वतंत्र मोटरी असतात. अनेक मशिनांत दोघींचे कपॅसिटर एकाच डबीत असतात, डबीवर १० + ५ असं काहीतरी छापलेलं असतं. मोठा भाग धुण्याचा, छोटा ड्रायरचा. एक भाग ठणठणीत आणि दुसरा मेलेला, हे सहज घडतं. कपॅसिटर मोजणारा मल्टिमीटर लावा. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक घट दिसली तर तो बदला. शे-दोनशे रुपयांचं काम आहे. त्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटरमधला साठा रेझिस्टर किंवा जुना बल्ब जोडून उतरवा. वीज बंद असली तरी तो झटका देऊ शकतो.

दुसरा खोटा पुरावा हाताने मिळतो. लोक झाकण उघडून टब फिरवून बघतात, तो घट्ट लागतो आणि ‘मोटर जाम’ असा निकाल लागतो. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेलाच असतो! टब त्या वेळी घट्ट असायलाच हवा. प्लग काढून मागचं कव्हर उघडा, ब्रेकचा लिव्हर हाताने सोडवा आणि मग खालचा ब्रेक ड्रम फिरवा. सहज फिरला तर कपॅसिटर तपासा. झाकण लावूनही लिव्हर सुटत नसेल तर ब्रेक वायर सैल पडली आहे किंवा गंजली आहे. ब्रेक सुटूनही ड्रम अडत असेल, तरच मोटरच्या बुशवर संशय घ्या.

आता मोटर. तिच्या तिन्ही वायर सोडवून दोन-दोनमधला रोध मोजा. वाइंडिंग धड असेल तर सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका येतो. कोणतीही वायर आणि मोटरची बॉडी यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये. मोटर थंड असतानाच हे करा, कारण तापलेल्या मोटरमधला थर्मल कटआउट सर्किट तोडतो आणि चांगली मोटर मेलेली दिसते. एवढं करून आकडे चुकले, तर खुशाल म्हणा मोटर गेली.

ती जाते तेव्हा बहुधा आपल्याच दुर्लक्षाने जाते. अडकलेली मोटर हूं करत असताना ‘बघू, सुरू होईल’ म्हणून चालू ठेवली की जास्त करंट ओढून वाइंडिंग तापतं. कपॅसिटरच्या बिघाडातून खरोखर जळालेली मोटर तयार होते, ती अशी. दुसरं कारण म्हणजे टबाखालचं रबरी सील. ते फाटलं की पाणी थेट खालच्या मोटरवर ठिबकतं आणि बुश गंजतो. मशीनखाली ओल दिसली तर त्याच आठवड्यात सील बदला.

२०२४च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा ‘दोन दिवस उन्हात ठेवा, चालेल’ हा सल्लाही फिरला. वरून कोरडी दिसणारी मोटर आत गाळाने ओली असू शकते. पुरात भिजलेल्या मोटरचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरवर तपासून घ्या, साधा मीटर इथे पुरत नाही.

बाकीचे गैरसमज लहान आहेत, पण त्यातले काही धोकादायक आहेत. ‘मोठा कपॅसिटर लावला की ड्रायर जोरात फिरतो’: वेग ठरतो विजेच्या ५० हर्ट्झवर आणि मोटरच्या पोलवर. चार पोलची मोटर मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या पुढे जाऊच शकत नाही, जादा कपॅसिटर वाइंडिंग फक्त तापवतो. ‘जास्त वेळ फिरवलं की कपडे पूर्ण वाळतात’: या ड्रायरमध्ये हीटर नाही. तो पाणी बाहेर फेकतो, भिंतीपाशी गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून अधिक जोराने. पाच मिनिटांनंतर धाग्यांत धरलेलं पाणी त्याच्याने निघत नाही. ‘ब्रेक चीं करतो, तेल सोडा’: तेल लागलेला ब्रेक टब थांबवत नाही. ‘कपडे ओलेच राहतात, म्हणजे मोटर कमजोर’: आधी ड्रेन पाइप बघा, तो तुंबला किंवा उंच ठेवला तर टब पाण्यातच फिरत राहतो.

झाकणाचा स्विच बिघडला म्हणून तो थेट जोडून देणारे मेकॅनिक आहेत आणि ते चालवून घेणारी घरंही आहेत. फिरत्या टबात लोंबणारी ओढणी किंवा साडीचा पदर हात पिळून टाकतो. असा जोड कुणी दिला असेल तर आजच काढून घ्या आणि नवा स्विच बसेपर्यंत ड्रायर वापरू नका.

मुलांकडे अमेरिकेत गेल्यावर दिसतो तो गरम हवेचा ड्रायर. ते यंत्र वेगळं, आणि त्याचे धोकेही वेगळे. तिथल्या सरकारी अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीत घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या. सर्वांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं, सुमारे ३४ टक्के. तिथे असाल तर दर फेरीनंतर जाळीतली लव काढा.