मुलामा आणि पारख

दिसते तसे नसते, हे आम्ही मास्तर मंडळी वर्गात घसा कोरडा करून सांगतो. पण अमेरिकेत मेहुण्याच्या दिवाणखान्यात मखमली पेटीतले सोनेरी रिव्हॉल्वर पाहिले आणि मी आपलाच धडा विसरलो. "वा! शंभराहून अधिक वर्षांचे दिसते!"

मेहुणा हसला. "भाऊजी, ही प्रतिकृती आहे. अस्सल म्हणून घेतलेले ते पलीकडचे, साधे. तीही प्रतिकृतीच निघाली! सहा महिन्यांची शिल्लक गेली."

सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले. त्याचे १८५१चे 'नेव्ही' हे ठासणीचे रिव्हॉल्वर; काळी दारू आणि गोळी पुढून ठासायची. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात ते दोन्ही बाजूंनी वापरले. त्या युद्धाच्या शताब्दीच्या सुमारास इटलीत, ब्रेशियाजवळ, त्याच्या प्रतिकृती घडू लागल्या. १९७१ साली खुद्द कोल्ट कंपनीने ग्रँट आणि ली या सेनापतींच्या स्मरणार्थ 'नेव्ही' काढली.

मग पारख कशी करायची? मेहुण्याने आधी हत्यार रिकामे असल्याची खात्री केली आणि एकेक गोष्ट दाखवली. मूळ 'नेव्ही'चा सांगाडा लोखंडी. पितळ चापाच्या कड्याला आणि मुठीच्या पट्टीला. पितळी सांगाडे दक्षिणेच्या काही कारखान्यांनी केले. तसल्या सांगाड्यावर कोल्टचे नाव म्हणजे इतिहासाची चूक. शिवाय पितळ जास्त दारूने लवकर ढिले होते. फिरत्या नळकांड्यावर टेक्सास आणि मेक्सिको यांच्या १८४३च्या आरमारी लढाईचे चित्र असते; त्यातल्या रेघा स्वच्छ हव्यात.

मग घोडा सावकाश मागे ओढायचा. तो पुरता मागे येताच नळकांडे खटकन जागी अडकले पाहिजे. नळकांड्याभोवती ओरखड्याची रेघ उठली असेल, तर अडसर वेळेआधी पडतो असे समजावे. नळी एका पाचरीने बसवलेली असते. पाचर थोडी जास्त ठोकताच नळकांडे घासू लागले, तर आतला दांडा आखूड आहे. सोन्याचा मुलामा यातले काहीच सुधारत नाही!

शेवटी त्याने नळीवरचा इटालियन चाचणीचा शिक्का दाखवला. त्यातल्या खुणेवरून साल कळते. साध्या रिव्हॉल्वरवर त्याच जागी नुसता घासलेला डाग होता.

"तेवढेच पाहायचे राहिले होते," तो म्हणाला.

प्रतिकृती असण्यात कमीपणा नाही. आपले नाव सांगते तोवर ती स्मारक. नाव पुसले की लबाडी. मेहुण्याने दोन्ही पुन्हा शेजारी शेजारी ठेवली. मुलांना दाखवायला, म्हणे, दुसरेच अधिक उपयोगी पडते.