चौलचे बंदर आणि परदेशगमनाचे कागद

अलिबागहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता नागाव ओलांडून चौलच्या वाड्यांत शिरतो, तेव्हा नारळी-पोफळींच्या त्या गर्द सावलीत एके काळी जगाच्या नकाशावरील एक नामांकित बंदर नांदत होते, ही गोष्ट चटकन खरी वाटत नाही. रामेश्वराचे देवालय, त्यापुढील पुष्करणी आणि कुंडलिकेच्या मुखाशी उभे असलेले रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाचे भग्न तट एवढ्याच आज दिसणाऱ्या खुणा. खाडी गाळाने भरली आणि व्यापार मुंबईकडे गेला. तथापि परदेशातून येणाऱ्या माणसाला कोणी, कोणत्या अटीवर आत घ्यावयाचे आणि येथून बाहेर जाणाऱ्याने कोणाची परवानगी घ्यावयाची, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे या गावाने हजार वर्षांत पाहिली आहेत. आज याच किनाऱ्यावरील तरुण रोजगारासाठी आखाताची वाट धरतो, तेव्हा त्याच्यापुढेही तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो.

अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास येथे आला. त्या काळी अरब लोक चौलला 'सैमूर' म्हणत. राष्ट्रकूटांच्या सत्तेखालील या नगरात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इत्यादी ठिकाणांहून येऊन राहिलेले सुमारे दहा हजार मुसलमान त्याने नमूद केले आहेत. त्यांच्यापैकीच एकास राजाकडून प्रमुख नेमले जाई आणि त्यांचे आपसातील व्यवहार व तंटे तो पाही. परकीयाची जबाबदारी त्याच्या समाजाच्या प्रमुखावर, अशी ही व्यवस्था होती. व्यक्तीगणिक परवाना देण्याची कल्पना त्यात नव्हती.

साडेपाच शतकांनंतर, १४६९ च्या सुमारास (काही अभ्यासकांच्या मते १४७१ मध्ये), रशियातील त्वेर नगरचा व्यापारी अफनासी निकितिन होर्मुझहून मस्कत, दीव, खंबायत असा प्रवास करीत चौलला उतरला. त्याच्याजवळ विकण्यासाठी आणलेला एक घोडा होता. दख्खनमध्ये घोडे पैदा होत नसल्याने अशा जनावराला मोठी किंमत येत असे. तेव्हा येथे बहमनी राज्य होते. चौलच्या धक्क्यावर निकितिनला कोणी अडविले नाही. तो पालीवरून घाट चढून जुन्नरला पोचला आणि तेथे मात्र त्याच्यावर प्रसंग ओढवला. जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार सुवर्णमुद्रा मिळतील, न बदललास तर घोडा जाईल आणि हजार मुद्रा दंडही द्यावा लागेल, असे सांगून विचारासाठी चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपण्याच्या सुमारास महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ तेथे आला. त्याने मध्यस्थी केली आणि निकितिन घोड्यासह सुटला. दाद मागता येईल असा एकही कागद त्याच्याजवळ नव्हता. परक्या मुलखात त्याचे सारे संरक्षण एका माणसाच्या शब्दावर अवलंबून राहिले. मायदेशी परतत असता स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. त्याने लिहून ठेवलेले वृत्त मात्र टिकले. त्यावर १९५७ मध्ये भारत व सोव्हिएत संघ यांच्या सहकार्याने 'परदेसी' हा चित्रपट निघाला. रेवदंड्यास निकितिनचे स्मारकही उभारण्यात आले आहे.

कार्ताझचा अंमल

कागदाचे राज्य चौलला आले ते पोर्तुगीजांबरोबर. १५०८ मध्ये याच बंदरापुढे झालेल्या आरमारी लढाईत त्यांचा तरुण सेनापती लोरेन्सो द अल्मेदा मारला गेला. पण तेरा वर्षांनी, १५२१ मध्ये, अहमदनगरच्या निजामशहाच्या संमतीने त्यांनी रेवदंड्यास कोटाचे काम सुरू केले. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी अरबी समुद्रावर 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीचा केला होता. अरबी भाषेतील 'किर्तास', म्हणजे कागद, या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. या परवान्यात जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाजाचे आकारमान, खलाशी व शस्त्रे, माल आणि जाण्याचे ठिकाण यांची नोंद असे. मिरी, घोडे, युद्धसामग्री अशा काही जिनसा नेण्यास मनाई असे किंवा त्यांवर कडक निर्बंध असत. परवान्याची फी नाममात्र होती. खरा लाभ पुढेच होता, कारण परवानाधारक जहाजाला पोर्तुगीजांच्या नाक्यावर येऊन जकात भरावी लागे. परवाना नसलेले जहाज दिसल्यास ते मालासह जप्त होई.

ज्यांचा समुद्र, ज्यांची बंदरे, त्यांनीच आपल्या समुद्रात फिरण्यासाठी परक्याकडून परवाना घ्यावयाचा, हा प्रकार जितका अन्यायाचा तितकाच परिणामकारक होता. अहमदनगर व विजापूर येथील सुलतानांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा कार्ताझच्या वादामुळे तिचा काफिला सुरतेस बराच काळ अडकून पडला होता. परवान्याचे खरे मोल किती, हे १६१३ मध्ये दिसून आले. जहांगीर बादशहाच्या आईचे 'रहीमी' हे जहाज कार्ताझ जवळ असूनही पोर्तुगीजांनी पकडून नेले आणि त्यावरून मोठा संघर्ष उभा राहिला.

चौलपासून अवघ्या काही कोसांवरील कुलाबा किल्ल्यातून कान्होजी आंग्रे यांनी पुढे याच नाण्याने परतफेड केली. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांनी आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा नियम होता. मराठ्यांच्या राज्याचे सरखेल आपल्या किनाऱ्यावर परवाना मागत होते, म्हणून इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले. तेच काम करणाऱ्या पोर्तुगीजांना मात्र ते विशेषण लागले नाही. रेवदंड्याचा कोट १७४० मध्ये तहाने मराठ्यांकडे आला आणि चौलपुरता कार्ताझचा अंमल संपला.

पासपोर्ट, व्हिसा आणि उत्प्रवासन मंजुरी

आजचा पासपोर्ट, अर्थात पारपत्र, ही वस्तू त्या मानाने अलीकडची आहे. १९१४ च्या महायुद्धापर्यंत जगातील अनेक देशांत पासपोर्टावाचून ये-जा करता येत असे. युद्धकाळात सक्ती झाली आणि ती पुढे कायम राहिली. भारतात येणाऱ्यांसाठी १९२० चा कायदा झाला. तो शतकाहून अधिक काळ चालला आणि २०२५ च्या आप्रवासन व परकीय नागरिक कायद्याने रद्द झाला. भारतीय नागरिकाला परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट देणे ही मात्र १९६७ पर्यंत सरकारच्या मर्जीची बाब होती. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि त्यापाठोपाठ पासपोर्ट कायदा संमत झाला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात न्यायालय याहून पुढे गेले. पासपोर्ट काढून घेण्याची पद्धतही न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे त्याने ठरविले.

ग्रामीण भागात पासपोर्ट आणि व्हिसा हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात आणि फसवणुकीची सुरुवात येथूनच होते. पासपोर्ट आपले सरकार देते. हा मनुष्य भारताचा नागरिक आहे, एवढे तो सांगतो. व्हिसा देतो तो परका देश. आपल्याकडे येण्याची अनुज्ञा आणि त्या येण्याचा हेतू त्यात लिहिलेला असतो. पर्यटन, भेट, शिक्षण, नोकरी अशा हेतूंनुसार त्याचे प्रकार पडतात आणि एका हेतूच्या व्हिसावर दुसरे काम करणे हा त्या देशाच्या कायद्याने गुन्हा ठरतो. व्हिसा हाती आला म्हणजे प्रवेश पक्का झाला, असेही नाही. विमानतळावरील अधिकारी कागद पाहून प्रवाशास परत पाठवू शकतो. 'रहीमी'ची गोष्ट आठवावी. याशिवाय अनेक देश प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्टाची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, अशी अट घालतात. नेपाळ व भूतान या शेजाऱ्यांकडे जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही. तेथे मतदार ओळखपत्रही चालते.

तिसरा कागद पुन्हा आपल्याच सरकारचा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेला नागरिक ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जात असेल तर त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. आखाती देशांसह मलेशिया, जॉर्डन, लेबनॉन इत्यादी देश त्या यादीत आहेत. अशा पासपोर्टाला 'ईसीआर' म्हणतात. मंजुरी देण्यापूर्वी नोकरीचा करार, मालकाची माहिती, पगार आणि विमा यांची पाहणी होते. 'प्रवासी भारतीय विमा योजने'त दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता भरून दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. भरती करणाऱ्या दलालाची सरकारकडे नोंदणी असणे बंधनकारक असून त्याने घ्यावयाची फी ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक असू शकत नाही.

ही मंजुरी म्हणजे निष्कारण अडवणूक, असे गावातील अनेकांना वाटते आणि बेकायदा दलाल त्याचाच लाभ उठवितात. भेटीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर जाणाऱ्यास उत्प्रवासन मंजुरी लागत नाही. म्हणून "आधी भेटीवर चला, तेथे गेल्यावर नोकरीचा व्हिसा करून देऊ," असे सांगून माणूस विमानात बसविला जातो. जमीन वा दागिने गहाण ठेवून दलालाला लाख-दीड लाख रुपये दिलेले असतात. तेथे उतरल्यावर सांगितलेली नोकरी नसते आणि असलीच तर पगार वेगळा निघतो. ज्या व्हिसावर तो आला आहे त्यावर काम करण्याची मुभा नसल्याने तक्रार करण्यास गेल्यास तोच दोषी ठरतो. करार सरकारी नोंदीत नाही, विमा नाही. त्याची अवस्था जुन्नरच्या निकितिनसारखीच होते. मात्र वेळेवर धावून येणारा खुरासानी प्रत्येकाला भेटत नाही. दुसरी रीत पासपोर्ट मालकाने ठेवून घेण्याची. पासपोर्ट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असून खाजगी मालकाला तो अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही. अशा वेळी भारतीय दूतावासाकडे जावे. परतीच्या प्रवासासाठी तेथून तातडीचे प्रमाणपत्र मिळू शकते.

चौलकर परदेशी होतात तेव्हा

या किनाऱ्यावरून परदेशी गेलेल्यांत बेने इस्रायल समाजाचे उदाहरण वेगळे आहे. गलबत फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. चेऊलकर, रेवदंडेकर, नवगावकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आलेली आहेत. इस्रायलने १९५० मध्ये केलेल्या 'परतीच्या कायद्या'ने जगातील कोणाही ज्यूला तेथे स्थायिक होण्याचा हक्क दिला आणि पुढील दोन-तीन दशकांत या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. कायद्याने दार उघडले तरी मनाची दारे लगेच उघडली नाहीत. बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत तेथील धर्मपीठाने शंका घेतल्याने त्यांना दीर्घ आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.

परक्या देशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारताचे नागरिकत्व संपते. त्यामुळे आजोबांचे घर पाहण्यास चौलला येणाऱ्या चेऊलकरांनाही भारताचा व्हिसा लागतो किंवा 'ओसीआय' कार्ड. २००५ च्या कायदा-दुरुस्तीनंतर सुरू झालेल्या या कार्डावर आयुष्यभर व्हिसावाचून येता येते. मात्र मतदानाचा हक्क मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. किनाऱ्यावरील जमिनींचे भाव वाढल्यापासून हा फरक ग्रामपंचायतींच्या व तलाठ्यांच्या नित्य कामाचा झाला आहे.

गावातील नोंदी

परदेशगमनाची कागदपत्रे दिल्लीत किंवा दूतावासात तयार होतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्यांचा पाया ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात घातला जातो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टाच्या कामी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मप्रमाणपत्रच ग्राह्य धरले जाते. त्यापूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. एक वर्ष उलटल्यावर मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शाळाप्रवेशाच्या वेळी पालकाने अंदाजाने सांगितलेली १ जूनची जन्मतारीख वीस वर्षांनी दुसऱ्या कागदाशी जुळत नाही आणि मुलाचे काम अडते.

नावांचा घोळ तर याहून मोठा. टॉलेमीचे 'सिमुल्ल', मसूदीचे 'सैमूर', निकितिनचे 'चिविल' आणि जुन्या कागदांतील 'चेऊल' ही सारी एकाच गावाची नावे आहेत, हे अभ्यासक ओळखू शकतो. पासपोर्ट कार्यालयातील यंत्र ओळखत नाही. दाखल्यावर 'चौलकर', आधारवर 'चेऊलकर' आणि इंग्रजी अक्षरांत तिसरेच काही, असे असेल तर अर्ज परत येतो. लग्नानंतर मुलीचे नाव काही कागदांवर बदललेले आणि काहींवर तसेच राहिलेले असते. दाखला लिहिताना मराठी नावाबरोबर त्याचे इंग्रजी स्पेलिंग पालकास विचारून, जन्मनोंदीशी ताडून लिहिणे हे मुख्याध्यापकांना पाच मिनिटांचे काम आहे. पुढे तेच नाव दुरुस्त करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील जाहिरात आणि अलिबागच्या अनेक खेपा पडतात आणि तोवर नोकरीच्या कराराची मुदत निघून गेलेली असते.