‘पाठलाग’: मेलेली बायको न्यायालयात उभी राहते तेव्हा
(लेखमाला: रहस्यकथेची अंगे. ओळख आणि बतावणी)

राजा परांजपे यांचे नाव घेतले की ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ असे हसते-खेळते चित्रपट आठवतात. त्याच दिग्दर्शकाचा 1964 चा ‘पाठलाग’ मात्र प्रेक्षकाला शेवटपर्यंत स्वस्थ बसू देत नाही. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतलेला होता. प्रमुख भूमिका काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. 1965 मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ आणि 1966 मध्ये राज खोसला यांचा ‘मेरा साया’ त्यावरूनच निघाले. पुढे देशभर गाजला तो ‘मेरा साया’. मूळ गोष्ट मराठी आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

कथेचा पेच साधा आणि जबर आहे. वकील नवऱ्याने बायकोला आपल्या हातांत मरताना पाहिले आहे. पुढे एक आरोपी स्त्री सापडते. चेहरा हुबेहूब तोच, आणि ‘मी यांची बायको’ हा तिचा दावा. चेहरा सारखा असल्यावर ओळख पटवायची कशावरून? उरतात त्या दोघांनाच ठाऊक असलेल्या आठवणी. ती एकेक खासगी गोष्ट सांगत जाते आणि उलटतपासणी घेणाऱ्या नवऱ्याचीच परीक्षा सुरू होते. तिचे म्हणणे खरे निघावे, असे त्याच्या मनाला वाटते. पण खरे मानावे तर डोळ्यांदेखत गेलेली ती कोण? रहस्याची खरी जागा इथे आहे. खून कोणी केला, ही चौकशी त्यापुढे किरकोळ वाटते.

कायद्याच्या अंगानेही हा पेच मजेदार आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम 9 नुसार व्यक्तीची ओळख प्रस्थापित करणारी तथ्ये पुराव्यात येत. कलम 122 मात्र पती-पत्नीत झालेल्या बोलण्याला संरक्षण देत असे. म्हणजे ती खरी पत्नी असेल तरच ते बोलणे संरक्षित, आणि ती पत्नी आहे की नाही हे ठरवायचे त्याच बोलण्यावरून! पटकथेने याचा फार विचार केलेला नाही, आणि ते बरेच झाले.

उलगडा जुळ्या बहिणीचा आहे. युक्ती जुनी, पण बायकोने बहिणीचे अस्तित्व नवऱ्यापासून लपवले होते, यामुळे ती पटते. फसवणूक शत्रूने केलेली नाही, घरातल्याच गुपिताने केली आहे.

प्रत्यक्षात असे दावे झालेच नाहीत असे नाही. पानिपतानंतर सुखनिधान नावाच्या माणसाने आपण सदाशिवरावभाऊ असल्याची बतावणी केली. 1776 मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. बंगालमधील भवालच्या खटल्यात गोष्ट अगदी उलटी घडली. 1909 मध्ये दार्जिलिंगला मेलेला समजला गेलेला राजकुमार बारा वर्षांनी संन्यासी होऊन ढाक्यात प्रकटला. बहिणीने त्याला ओळखले, पत्नी विभावतीने अखेरपर्यंत नाकारले. न्यायालयाने अंगावरच्या खुणा आणि साक्षी तपासून 1936 मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला. 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तोच कायम केला.