लाल बावटा कलापथक
लाल बावटा कलापथक हे अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर या शाहिरांनी १९४४ साली मुंबईत स्थापन केलेले शाहिरी पथक होय. डफ, ढोलकी, तुणतुणे एवढ्या साहित्यावर गिरणी कामगारांपुढे त्याचे कार्यक्रम होत. वाटेगावचे अण्णा भाऊ लिहीत आणि गातही. बार्शीच्या अमर शेखांचा (मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल) पहाडी आवाज हे पथकाचे मोठे बळ होते. अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणात गणेशाऐवजी मातृभूमी व हुतात्म्यांना वंदन आणले आणि गवळण वगळली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तिघेही अग्रभागी होते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड त्याच काळातील. तिच्यातील विरह वरवर पत्नीचा. प्रत्यक्षात बेळगाव-कारवारचा, आणि तो अद्याप संपलेला नाही. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी वारले. अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला अपघातात गेले.