एका अक्षराने पांढरा झालेला वाघ

भिलाईच्या मैत्री बागेत पांढरा वाघ बघायला गेलात, तर फोटो काढून लगेच पुढे सरकू नका. तो जाळीजवळ येईपर्यंत थांबा आणि नीट निरखा. अंग दुधी, नाक गुलाबी, डोळे निळसर आणि अंगभर काळपट-तपकिरी पट्टे. आता स्वतःलाच विचारा: याच्या अंगावरचा रंग उडाला म्हणावं, तर पट्ट्यांचा का नाही उडाला?

या एका प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण रीवाच्या राजवाड्यात जातो, तिथून ओडिशाच्या जंगलात आणि शेवटी थेट आपल्या ताडोब्यात!

घरात गरम आणि गार पाण्याचे दोन नळ असतात ना, तसे वाघाच्या केसाच्या मुळाशी रंगाचे दोन नळ आहेत असं समजा. एकातून काळपट रंग येतो, दुसऱ्यातून तांबूस-पिवळा. पट्ट्याच्या जागी पहिला वाहतो, दोन पट्ट्यांच्या मधे दुसरा. पांढऱ्या वाघात हा दुसरा नळ तेवढा बंद असतो. पहिला चालूच! म्हणून पट्टे शाबूत राहतात. सगळाच रंग गेलेला ‘अल्बिनो’ वाघ असता, तर असे गडद पट्टे दिसलेच नसते.

आणि हा नळ बंद होतो कशाने? वाघाचा जनुकसंच सुमारे २.४ अब्ज रासायनिक अक्षरांचा असतो. पेकिंग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पांढऱ्या आणि पिवळ्या वाघांचे जनुकसंच ताडून पाहिले आणि २०१३ मध्ये गुन्हेगार पकडला. बदललेलं अक्षर किती? एक! त्या एका अक्षरामुळे एका प्रथिनात ४७७व्या जागी अलानिनऐवजी व्हॅलिन येतं आणि पिवळा रंग बनायचा थांबतो. याच जनुकातले वेगवेगळे बदल घोड्यांना, कोंबड्यांना, काही माशांनाही फिकट करतात. माणसाच्या त्वचेच्या उजळपणातही त्याचा हात आहे.

पण हे अक्षर मोठं लपंडाव खेळणारं. पिल्लाला आई-बाप दोघांकडूनही ते मिळालं, तरच ते दिसतं. एकाकडूनच मिळालं तर वाघ नेहमीसारखा पिवळा, अक्षर मात्र आत दबा धरून.

मे १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी जंगलात एक पांढरा बछडा पकडला. त्याचं नाव मोहन. गोविंदगडच्या राजवाड्यात तो वाढला. बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीपासून त्याला पिल्लं झाली, ती सगळीच्या सगळी पिवळी. मग मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली गेली. १९५८ मध्ये चार पिल्लं झाली आणि चारही पांढरी! राधेच्या अंगात ते अक्षर बापाकडून आलेलं होतंच. प्रत्येक पिल्लू पांढरं निघण्याची शक्यता निम्मी. चारही तशी निघण्याची सोळांत एक. त्याच वर्षी जंगलातला शेवटचा ज्ञात पांढरा वाघ शिकाऱ्याच्या गोळीने पडला.

भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननात तर याहून नवल घडलं. १९८० मध्ये दीपक आणि गंगा या दोन पिवळ्या वाघांच्या पोटी पांढरे बछडे आले. मोहनच्या घराण्याशी या जोडीचा काही संबंध नव्हता. ओडिशाच्या मातीतही तेच अक्षर पिढ्यानपिढ्या गुपचूप चालत आलं होतं. आपण सुरुवात केली ती मैत्री बाग भिलाई पोलाद कारखान्याने १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभारली. तिथे पांढऱ्या वाघांची पहिली जोडी आली ती याच नंदनकाननातून.

या देखणेपणाची किंमत मात्र जबर आहे. अनेक पांढरे वाघ तिरळे असतात. रंगाच्या याच बिघाडामुळे डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या काही नसा भलत्याच बाजूला वळतात; १९७३ मध्ये एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूतल्या दृष्टिमार्गाची तपासणी करून शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं. शिवाय पांढरी पिल्लं हमखास हवी म्हणून बाप-लेक, भाऊ-बहीण अशा जोड्या लावल्या गेल्या. पण नातलगांच्या जोडीत एकच लपलेलं अक्षर वर येत नाही. जोडीला लपलेले आजारही येतात. आणि पांढरा वाघ ही मुद्दाम जपावी अशी वेगळी जातही नाही. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने तर २०११ मध्येच आपल्या सदस्यांना अशी पैदास थांबवायला सांगितलं.

आता प्रश्न येतो: माणसाने जोड्या लावल्या नाहीत, तरी जंगलात नातलगांच्या जोड्या जमून लपलेलं अक्षर असं वर येऊ शकतं का? घडलंय. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये.

तिथल्या अनेक वाघांचे पट्टे इतके रुंद होतात की एकमेकांत मिसळून वाघ काळाच दिसतो. २०२२च्या व्याघ्रगणनेत तिथे १६ वाघ नोंदले गेले आणि त्यांतले १० काळे! बंगळुरूच्या शास्त्रज्ञ उमा रामकृष्णन, विनय सागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कारण शोधलं. इथेही एकच अक्षर बदललेलं, पण पट्ट्यांची आखणी करणाऱ्या जनुकातलं. घरच्या मांजराच्या सरळ रेघांचे ढब्बू डाग होतात तेही याच जनुकामुळे, आणि आफ्रिकेतल्या ‘किंग चित्त्या’चे पट्टेही. सिमिलिपालचे वाघ थोडे, इतर जंगलांपासून तुटलेले. नवं रक्त येईना. मग लपलेलं अक्षर पुन्हा पुन्हा आपल्याच जोडीदाराला भेटू लागलं.

यावर इलाज म्हणून २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ताडोब्याच्या दोन वाघिणी तिकडे नेल्या गेल्या, जमुना आणि झीनत. झीनत तर डिसेंबरात सिमिलिपाल सोडून निघालीच! झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये शिरली. २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडलं आणि परत नेलं. एवढी दमछाक कशासाठी? चंद्रपूरच्या जंगलातली नवी अक्षरं तिथल्या वाघांत मिसळावीत म्हणून.

हेच काम वाघ स्वतः फुकटात करतो. वयात आलेला वाघ आईचा मुलूख सोडतो आणि भ्रमणमार्गाने दूरच्या जंगलात जातो. फक्त वाट शाबूत हवी. नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग ४४ जागोजागी खांबांवर उचललेला दिसेल. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ जागा आहेत, त्यांतली सगळ्यात लांब सुमारे ७५० मीटरची. वर ट्रक धडधडत असतात आणि खालून वाघ जातात. तिथल्या कॅमेऱ्यांनी ते पुन्हा पुन्हा टिपलंय. वाघाने आपण बांधलेली वाट स्वीकारली, यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

कान्हा, पेंच, नवेगाव-नागझिरा, ताडोबा, इंद्रावती. विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधली ही जंगलं अजून पुरती तुटलेली नाहीत. म्हणून या पट्ट्यात नवा रस्ता, रेल्वेमार्ग किंवा कालवा आखायला घेतला, की वाघाची वाट पहिल्याच नकाशात हवी आणि तिचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात. तो खर्च आज केला, तर उद्या इथल्या वाघांसाठी दुसऱ्या राज्यातून वाघीण आणायची वेळ येणार नाही.