नकाराचे मत

१९७७ साली मी पहिल्यांदा मतदान केले. उमेदवाराचे नाव मतपत्रिका हातात आल्यावरच नीट वाचले. आणीबाणी आणणाऱ्या काँग्रेसला मत द्यायचे नाही, एवढे घरून ठरवून निघालो होतो.

या नकाराला पूर्वपीठिका होती. विरोधकांची मते विभागली जातात म्हणून काँग्रेस निम्म्याहून कमी मतांवर राज्य करते, हे हेरून डॉ. राममनोहर लोहियांनी १९६३ च्या सुमारास बिगरकाँग्रेसवाद मांडला. १९६७ नंतर त्यातून उत्तरेत संयुक्त विधायक दलाची सरकारे आली. बहुतेक अल्पायुषी ठरली. १९७७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा संताप त्यात मिसळला आणि उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. जनता पक्ष आपसांतल्या भांडणांनी फुटला, आणि १९८० मध्ये त्याच राज्याने काँग्रेसला ५१ जागा दिल्या.

रागाने आलेला मतदार राग ओसरला की परततो. मधल्या काळात त्याला दुसरे घर मिळालेले नसते. पण काहींचा राग कारण संपल्यावरही सवय होऊन राहतो. मी त्यांतला. पुढची अनेक वर्षे ‘त्यांना कोण पाडेल’ एवढेच पाहून मी शिक्का मारला. ज्याला निवडून दिले, त्याने पाच वर्षांत काय केले, हे एकदाही विचारले नाही.

ज्याच्यावर राग असतो, त्याला तो कधीतरी धडा शिकवतो. ज्याच्या पदरात ते मत पडते, त्याला मात्र बेफिकीर करतो.