आर्णीहून रात्रीची गाडी धरताना

आर्णीत रेल्वे नाही. अरुणावतीच्या काठचं हे तालुक्याचं गाव नागपूर-तुळजापूर महामार्गावर आहे. बाबा कंबलपोष यांच्या उरुसाला लांबलांबून माणसं इथे येतात, पण ती सगळी रस्त्यानं येतात. त्यामुळे मुंबईला किंवा पुण्याला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘ट्रॅव्हल्सनं जायचं की रेल्वेनं?’ असा. बहुतेक घरांत उत्तर ट्रॅव्हल्सच्या बाजूनं पडतं, आणि त्याला कारण आहे. ट्रॅव्हल्स संध्याकाळी महामार्गावर, जवळजवळ दारात, येऊन उभी राहते. रेल्वे धरायची तर आधी एसटीनं चाळीसेक किलोमीटर यवतमाळ, तिथून पुढे वर्धा किंवा धामणगाव, मग फलाट, मग गाडीची वाट पाहणं आलं. सोबत म्हातारी आई आणि दोन बॅगा असल्या की हा हिशेब आणखी जड होतो.

तरीही रात्रीचा लांबचा प्रवास झोपून करायचा असेल तर तो रेल्वेच्या बर्थवरच करावा, आणि त्यासाठी तीन-चार तास आधी घर सोडायचा त्रास घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस पहाटे पाचच्या सुमारास नाशिकमध्ये औरंगाबाद रस्त्यावर ट्रकला धडकली आणि पेटली. १२ प्रवासी गेले. वर्ष उलटायच्या आत, १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास, नागपूरहून वर्धा-यवतमाळमार्गे पुण्याला चाललेली स्लीपर बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ माणसं होरपळून गेली, आठ वाचली. बस दाराच्या अंगावरच कोसळली होती. वाचले ते काचा फोडून बाहेर आले. या दोन्ही बसमध्ये आपल्या जिल्ह्यातली माणसं होती. कोणी नोकरीला परतत होतं, कोणी पहिल्यांदाच शिकायला निघालं होतं. म्हणून यवतमाळ जिल्ह्यात ‘रात्रीची गाडी कोणती?’ हा प्रश्न मला नुसता सोयीचा वाटत नाही.

स्लीपर बसची रचनाच पाहा. दोन्ही बाजूंना खालीवर बर्थ, मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, चढायला-उतरायला पुढे एक दार. संकटकाळी उघडायची खिडकी असते, पण ती कुठे आहे आणि कशी उघडते हे झोपलेल्या प्रवाशाला कोणी सांगितलेलं नसतं. रात्रभर सगळा भार एका चालकाच्या डोळ्यांवर असतो. समृद्धीसारख्या सरळ, मोकळ्या, एकसुरी रस्त्यावर पहाटे डोळा लागणं किती सहज घडतं, ते रात्री गाडी चालवणारा कोणीही सांगेल. रेल्वेच्या डब्याला दोन्ही टोकांना मिळून चार दारं असतात, संकटकाळी उघडणाऱ्या खिडक्या असतात आणि शेजारच्या डब्यात जायला वाट असते. इंजिनात लोको पायलटबरोबर सहायक असतो, आणि भुसावळ, इगतपुरी अशा ठिकाणी ही माणसं बदलली जातात. म्हणजे पहाटे चारला गाडी हाकणारा माणूस संध्याकाळपासून जागा नसतो.

रेल्वेला अपघात होत नाहीत असं नाही. २ जून २०२३ चा ओडिशातला बालासोरचा अपघात कोण विसरेल? आपल्या याच मुंबई-नागपूर मार्गावर २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ आगीच्या अफवेनं पुष्पक एक्सप्रेसमधून लोक रुळांवर उतरले आणि समोरून येणाऱ्या गाडीखाली सापडले. तरीही रोज रात्री लाखो माणसं रेल्वेत झोपतात आणि सकाळी आपापल्या गावी उतरतात, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवलं तर कौल कुठे जातो ते स्पष्ट आहे.

आर्णीच्या माणसाला हा कौल मानायला एवढे कष्ट का पडतात, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचला. तो अकोला, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा असा उत्तरेकडून गेला. यवतमाळचा सगळा कापूस-मुलूख त्याच्या दक्षिणेला राहिला. कापसाच्या गाड्या बैल जुंपून धामणगावला जायच्या आणि माणसंही त्याच रस्त्यानं जायची. पुढे १९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची लाइन झाली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ती बांधली तीही कापसासाठीच. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनानं तिला १९९४ पर्यंत ओढलं, मग डिझेल आलं, आणि गेल्या दशकात ती थांबली. दारव्ह्यावरून जाणारी ही गाडी लोकांच्या फार मायेची होती. पण रात्री झोपून मुंबईला पोचवणारी गाडी ती कधीच नव्हती. तिनं मूर्तिजापूरला मोठ्या रुळांपर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच.

म्हणून आर्णीकरानं आधी स्टेशन निवडावं, गाडी नंतर. वर्धा सुमारे एकशेदहा किलोमीटर, धामणगाव त्याहून थोडं जवळ. वर्ध्याला अधिक गाड्या थांबतात आणि स्टेशन रात्रीही जागं असतं. बायकामुलांसोबत जायचं असेल तर मी वर्धाच सांगेन. एक खबरदारी मात्र घ्यावी. वर्धा जंक्शन आणि काही किलोमीटरवरचं सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या वर्ध्याला थांबतात, दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या अनेक गाड्या सेवाग्रामला. तिकिटावर कोणतं नाव आहे ते पाहूनच रिक्षावाल्याला सांगावं. माहूरमार्गे किनवटला जाऊन नंदिग्राम एक्सप्रेसनं नांदेड, छत्रपती संभाजीनगर करत मुंबई गाठायचा तिसरा रस्ताही आहे. महागाव-उमरखेडकडच्या माणसांना तो किंवा सरळ नांदेड बरं पडतं. आर्णीहून मात्र तो वळसाच होतो.

मुंबईसाठी माझी पहिली पसंती विदर्भ एक्सप्रेसला. ती गोंदियाहून सुटते, संध्याकाळी वर्धा-पुलगाव-धामणगाव करत जाते आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते. दुपारचं जेवण आटोपून आर्णीहून निघालं की ती धरता येते, आणि रात्रीचा डबा गाडीतच उघडता येतो. सेवाग्राम एक्सप्रेस तिच्यामागून, रात्रीची. ती मुंबईला उशिरा पोचवते, पण ज्यांना दुपारी कामावरून निघता येत नाही त्यांच्यासाठी तीच खरी. नागपूर-मुंबई दुरांतो वेगवान आहे, पण वर्ध्याला थांबत नाही. तिच्यासाठी नागपूर गाठणं म्हणजे आर्णीहून उलट्या दिशेनं जाणं. हावड्याहून येणाऱ्या गाड्यांबद्दल मी सावध असतो. हजारभर किलोमीटर दुरून येणारी गाडी वाटेतला सगळा उशीर सोबत घेऊन येते, आणि तो उशीर वर्ध्याच्या फलाटावर आपल्याला बसून काढावा लागतो. जवळून सुटणारी गाडी निवडावी. वेळा वेळापत्रकानुसार बदलत राहतात, म्हणून तिकिटाआधी त्या एकदा पाहाव्यातच.

मग डबा. स्लीपर क्लासबद्दल हल्ली लोक नाक मुरडतात. त्यांना या बर्थचा इतिहास माहीत नसावा. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलं, तेव्हा त्यांच्या मुंबई-मद्रास प्रवासातला डबा २२ जणांचा होता आणि त्यात कधी कधी ३५ माणसं कोंबलेली असत. पुढे दोन रात्री होत्या आणि अंग टाकायला धड फळीही नव्हती. पुढे फळ्या आल्या, पण त्या नुसत्या लाकडी. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावानं संपला, फळी तीच राहिली. १९७७ ते १९७९ या काळात मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. राजापूरहून निवडून गेलेल्या या समाजवादी माणसानं दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम बसवायला लावला. २६ डिसेंबर १९७७ ला त्यांनी सुरू केलेली मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस आपल्याच वर्धा-बडनेऱ्यावरून जाते. तिच्यात वर्गभेदच ठेवला नव्हता. सगळ्यांना एकच वर्ग. गरीब माणसाच्या पाठीचा एवढा बारकाईनं विचार करणारा मंत्री महाराष्ट्रानं दिला, याचा मला फार अभिमान वाटतो.

दिवाळीच्या सुमाराला स्लीपर उत्तम. मात्र डिसेंबर-जानेवारीत जळगाव-मनमाडच्या पट्ट्यात पहाटेचा वारा हाडात शिरतो आणि स्लीपरमध्ये पांघरूण मिळत नाही. घरून जाड चादर घ्यावी. एप्रिल-मेमध्ये विदर्भाच्या उन्हात दिवसभर तापलेला डबा रात्री दहापर्यंत भट्टीसारखा असतो. तेव्हा म्हाताऱ्यांसाठी थर्ड एसी घ्यावा. तिथे चादर-उशी मिळते, दार बंद राहतं, फिरते विक्रेते कमी.

बर्थचा हिशेब पाठ करून ठेवावा. स्लीपरमध्ये दर आठाचा एक कप्पा असतो. १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर, ८ साइड अपर. पुढे याच क्रमानं. डब्याच्या पहिल्या आणि शेवटच्या कप्प्यात संडासाची ये-जा आणि दाराचा आवाज रात्रभर चालतो, शिवाय चाकंही जवळ असतात. ३३ ते ४० हा मधला कप्पा मिळाला तर झोप लागते. उंच माणसानं साइडचा बर्थ टाळावा, तो आखूड असतो. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडायचा असा नियम आहे. खालच्या प्रवाशानं त्याआधी बसू द्यावं आणि मधल्यानं त्यानंतर झोपू द्यावं. यावरून होणारी भांडणं मला नेहमी नकोशी वाटतात, कारण नियम दोघांच्याही सोयीचा आहे. साठ वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांना खालचा बर्थ मिळावा अशी सोय आरक्षणातच आहे. त्यासाठी फॉर्मवर वय खरं लिहायला हवं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, आणि ती परत सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं.

तिकीट हा सगळ्यात कठीण भाग. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीनंतरच्या परतीचं तिकीट काढायचं तर गणपतीच्या आसपासच जागं व्हावं लागतं. वर्धा-धामणगावसारख्या मधल्या स्टेशनांचा कोटा बहुतेकदा लहान असतो. म्हणून वर्ध्याहून वेटिंग दिसलं तर नागपूरहूनही पाहावं. तिथून कन्फर्म मिळत असेल तर ते घ्यावं आणि गाडी सुटायच्या २४ तास आधी चढण्याचं स्टेशन वर्धा करून घ्यावं. हा बदल न करता परस्पर वर्ध्याला चढलं तर टीसी तुमचा बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. आरएसी मिळालं तर साइड लोअर दोघांत वाटून बसावं लागतं. एकट्या तरुणाला ते चालेल, लेकुरवाळीला नको.

पुण्याचं गणित वेगळं आहे, आणि इथे मला ट्रॅव्हल्सवाल्यांची बाजू कबूल करावी लागते. आपली बहुतेक पोरं शिकायला पुण्याला जातात. रस्ता जवळजवळ सरळ, रेल्वे मात्र भुसावळ, मनमाड, दौंड असा मोठा वळसा घेऊन जाते. आझाद हिंद, गरीब रथ, महाराष्ट्र एक्सप्रेस अशा गाड्या आहेत, पण वर्ध्याला जाण्याचा वेळ धरला तर बसपेक्षा कितीतरी तास जास्त लागतात. १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत वर्ध्याला थांबते आणि सुमारे बारा तासांत पोचवते. पण ती दिवसाची, बसून जायची गाडी आहे. रात्री बसनंच जायचं झालं तर दोन चालक आहेत का हे विचारावं, संकटकाळची खिडकी कुठे ते चढल्याबरोबर पाहावं, दाराजवळचा खालचा बर्थ मागावा. सणात भाडं वाढवून सांगतात. राज्य सरकारनं २०१८ मध्ये खासगी बसचं कमाल भाडं एसटीच्या दीडपट ठरवून दिलं आहे. ते माहीत असलं तर तक्रार करता येते.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या लाइनचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. लाइन पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद अशी जाणार आहे. आर्णी तिच्यावर नाही, पण दिग्रस आर्णीला जवळ आहे. रूळ तिथवर आले की पहिली मागणी रात्रीच्या मुंबई गाडीची असली पाहिजे. दिवसा वर्ध्याला नेऊन सोडणारी पॅसेंजर दिली तर आपण पुन्हा शकुंतलेच्याच जागी उभे राहू. दिग्रस-पुसदहून दोन-चार स्लीपर आणि एक थर्ड एसी वर्ध्याला विदर्भ एक्सप्रेसला जोडले, तरी तालुक्यातल्या हजारो माणसांची रात्र सुखाची होईल. ही मागणी आर्णीच्या व्यापाऱ्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि कॉलेजांनी आताच लेखी करून ठेवावी. वेळापत्रक एकदा ठरलं की ते हलवायला वर्षं लागतात.

तोवर परतीचाही विचार करून तिकीट काढावं. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस सकाळी वर्ध्याला आणून सोडते. तेव्हा यवतमाळची एसटी लागलेली असते, आणि दुपारच्या आत, उजेडात, माणूस आर्णीच्या घरी पोचलेला असतो.